देवळाली प्रवरा, मार्गे श्रीगोंदा

माझ्या सासूबाई देवळाली प्रवरेला निघाल्या आणि श्रीगोंद्याला सुखरूप पोचल्या.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा : नगरहून देवळाली प्रवरा उत्तरेला आहे आणि श्रीगोंदा दक्षिणेला. एकीकडे निघालेला माणूस सहजासहजी दुसरीकडे पोचत नाही. त्यासाठी नियोजन लागतं, साधनसामग्री लागते आणि कुणीतरी जातीनं लक्ष घालावं लागतं. हे सगळं मी केलं होतं.

(शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, हे मला माहीत आहे. सासूबाई मात्र नगरच म्हणतात, आणि ही हकिगत त्यांची असल्यामुळे मीही तेच ठेवतो.)

मी एका जिल्हा दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या तपासत निवृत्त झालो. ‘गावात पाणी शिरले’ असं कुणी लिहून आणलं की ‘कोणत्या बाजूनं?’ असं विचारणं हे माझं काम. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय छापायची नाही, हा माझा नियम. निवृत्तीनंतर तपासायला बातम्या उरल्या नाहीत, म्हणून मी घरातल्या तपासू लागलो. “मेथी महाग झालीय,” असं सुलभा म्हणाली की मी विचारतो, “कुणाच्या म्हणण्यानुसार?” सुलभा माझी बायको. ती पोस्टात नोकरी करते आणि अजून निवृत्त झालेली नाही, म्हणून आमचा संसार टिकून आहे.

सासूबाई पाथर्डीकडच्या. सासरे गेल्यापासून नगरला लागूनच असलेल्या केडगावला आमच्याकडे असतात. त्यांची थोरली बहीण, अक्का, देवळाली प्रवरेला दिलेली. सासूबाईंच्या मनात एकच गोष्ट होती : अक्काला भेटायला एकटीनं जायचं. मनाला आलं की उठायचं आणि निघायचं. पण त्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी कुणाला तरी रजा काढून त्यांना पोचवावं लागे, आणि रजा निघेपर्यंत भेटीचं निमित्त शिळं होई.

“सरकारनं बायांना यष्टीत अर्धं तिकीट केलं,” एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, “पन सोबतीला मानूस पुरं लागतंय!”

हे वाक्य मी ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला : सासूबाईंना साक्षर व्हायचं आहे. (त्या असं म्हणाल्या नव्हत्या. माझ्या हाताखालच्या एखाद्यानं इतक्या तुटपुंज्या माहितीवर असा मथळा केला असता, तर मी त्याला परत टेबलावर पाठवलं असतं.)

दुसऱ्याच दिवशी मी टॅब आणला. त्यात लहान मुलांना मराठी शिकवणारं एक ॲप टाकलं. ते उघडलं की निळ्या चड्डीतला एक हत्ती यायचा, सोंड हलवायचा आणि बाईच्या आवाजात म्हणायचा, “चला बाळा, आज आपण ‘अ’ शिकूया!” सासूबाईंनी चटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परक्यासमोर त्या तसा ओढतात.

“आई, त्याला तुम्ही दिसत नाही,” मी म्हणालो.

“आसू द्या,” त्या म्हणाल्या. “आपन आपलं बरं.”

पहिली अडचण बोटाची आली. आयुष्यभर खुरपं धरलेल्या त्या बोटाला पडदा दादच देईना. पडद्यावर ‘अ’ गिरवायचा, तर बोट फिरे आणि पडदा कोराच राही. हत्ती दर थोड्या वेळानं म्हणे, “अरेरे! पुन्हा प्रयत्न कर, बाळा!” शेवटी सासूबाईंनी बोट जिभेवर ओलं केलं आणि अ काढला. हत्ती नाचला. वरून तारे पडले. “शाब्बास बाळा! तू खूप हुशार आहेस!”

“समजलं का, आई?”

“समजलं की!”

“आवडलं ना?”

“लई झ्याक हाय, जावईबापू.”

इथं एक चालरीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. सासूबाईंच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, जावयाला ‘नाही’ म्हणत नाहीत. जावई म्हणाला, ऊन आहे, तर ऊन आहे. जावई म्हणाला, चहात साखर कमी आहे, तर पातेलंच नव्यानं चढतं. हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं आणि मी त्याचा यथेच्छ लाभ घेत आलो होतो. पण ‘आवडलं ना?’ या प्रश्नाला त्या बाईकडे एकच उत्तर शिल्लक आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही! आमदारांना ‘तुमचं काम चांगलं चाललंय ना?’ असं विचारणाऱ्या बातमीदाराला मी एकदा सर्वांदेखत झापलं होतं.

अननस, आई, इमारत, ईडलिंबू अशी प्रगती सुरू झाली. रोज दुपारी जेवणं झाली की शिकवणी. त्या निमूटपणे बोट ओलं करून बसत. काही दिवसांनी त्यांनी अगदी हळू विचारलं, “जावईबापू, यात यष्टीचं कदी येतंय?”

“येईल की! आधी पाया पक्का होऊ द्या.”

“व्हय, व्हय. पाया पायजेच.”

यथावकाश ‘ब’ आला. ब – बस. पिवळी धमक गाडी, पुढच्या काचेवर दोन मोठे डोळे आणि बंपरच्या जागी हसरं तोंड. सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

“ही कुठं जाती?” त्यांनी विचारलं.

“कुठंही नाही, आई. ही ‘ब’ची आहे.”

“आसं व्हय,” त्या म्हणाल्या आणि बोट ओलं केलं.

हे सगळं सुलभा स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्या रविवारी तिनं मला गॅलरीत गाठलं. “अहो, आईला कविता लिहायच्यात का?”

“म्हणजे?”

“तिला अक्कामावशीकडे जायचंय. हत्ती घेऊन जाणार आहे का ती?”

“अक्षरओळख क्रमानं व्हावी लागते.”

“तिला विचारलंत का, काय हवंय ते?”

“विचारलं. त्या ‘लई झ्याक’ म्हणाल्या.”

सुलभानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याला आमच्या व्यवसायात ‘तीव्र नाराजी व्यक्त केली’ असं म्हणतात.

मात्र सूचना रास्त होती, हे मी मान्य केलं. विद्यार्थ्याची गरज आधी, तंत्र नंतर. सासूबाईंना एसटीची पाटी वाचता आली पाहिजे, तर मग एसटीचीच पाटी शिकवू! मी फोन घेऊन स्टँडवर गेलो आणि गाड्यांचे समोरून फोटो काढू लागलो. एका कंट्रोलरनं हटकलं, “काय हो, तक्रार करायचीय का गाडीची?”

“नाही. सासूबाईंना दाखवायचेत.”

तो दोन पावलं मागं सरकला आणि पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

फोटो उत्तम आले. ते टॅबवर घेतले आणि त्यांची पत्त्यांसारखी पानं केली : एका पानावर एक गाडी, पान सरकवलं की पुढची. देवळाली प्रवरा, श्रीगोंदा, पाथर्डी, पुणे. टॅब टीव्हीला जोडला. आता हत्ती नाही, अननस नाही. फक्त खरी गाडी, खरी पाटी.

आणि चमत्कार झाला! सासूबाई भराभर शिकू लागल्या. पहिल्या दिवशी मी सांगत गेलो, दुसऱ्या दिवशी त्या सांगू लागल्या. मी पानं उलटीपालटी केली तरी चूक नाही.

“ही कोणती?”

“देवळाली परवरा.”

“ही?”

“पाथर्डी.”

“आणि ही?”

“पुनं. ही श्रीगोंदं. ती परत देवळाली.”

क्षणाचा विलंब नाही. माझ्या मनात मथळे तयार होऊ लागले. मी शेजारच्या पवारांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. पवारांचा पशुखाद्याचा व्यवसाय आहे आणि त्यांना कशाचंही कौतुक वाटतं. सोफ्यावर बसून ते टाळ्या वाजवत होते. “काका, मानलं तुम्हाला! आमच्या पोराला नववीत गेला तरी धड वाचता येत नाही.”

सुलभा तेवढी म्हणाली, “इतक्या लवकर?”

“पद्धत योग्य असली की वेळ लागत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मला पुढं बराच काळ ऐकून घ्यावं लागलं.

आणि मग ती सकाळ आली. देवळालीहून बबनचा फोन आला. बबन म्हणजे अक्कांचा मुलगा. अक्कांची कंबर फार दुखत होती. बबनचा धाकटा भाऊ, भाऊसाहेब, पुण्याला असतो, तो त्यांना उपचारांसाठी तिकडे घेऊन जाणार होता. निघायचं त्याच दिवशी दुपारी, मुक्काम किती पडेल ते सांगता येत नाही. “मावशीला भेटायचं आसंल तर आत्ताच पाठवा, दाजी.”

सुलभा पोस्टात गेलेली. सासूबाई तर फोन ठेवायच्या आत लुगडं बदलून उभ्या! त्यांचा चेहरा बघून मीसुद्धा गलबललो. सोबत जायला मी मोकळाच होतो. गेलो असतो तर ही आठवण लिहावी लागली नसती. पण माझ्यातला शिक्षक जागा झाला.

“आई, आज तुम्ही एकट्या जायचं!”

“एकली?”

“पाटी वाचता येते ना आता?”

“...व्हय.”

“मग? कुणाला काही विचारायचं नाही. आपली पाटी बघायची आणि बसायचं. जमेल ना?”

“जमंल की,” त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

मी त्यांना स्कूटरवर स्टँडच्या फाटकापर्यंत सोडलं. आत गेलो नाही. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बाकाशेजारी आपण उभं राहत नाही. त्या पिशवी घेऊन आत गेल्या, गाड्यांच्या रांगेसमोरून एकदा शांतपणे चालल्या आणि एका गाडीत न अडखळता चढल्या. मी लांबून पाहिलं आणि भरून पावलो. घरी येऊन टीव्हीसमोर बसलो, चष्मा काढून डोळे पुसले.

दुपारी सुलभाचा फोन. सासूबाईंच्या साध्या फोनवर एकाच बटणाला नंबर लावलेला आहे, तो सुलभाचा.

“अहो, आई कुठंय?”

“देवळालीला. एकट्या गेल्या!” मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.

सुलभानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “ती म्हणते, अक्काचं घर सापडत नाही. तिथं काही ओळखीचं दिसत नाही म्हणे.”

“काय दिसतंय त्यांना?”

“उसाच्या ट्रॉल्या.”

“बरोबर.”

“कारखान्याचं धुराडं लागलं वाटेत.”

“अगदी बरोबर! राहुरीकडचा भाग आहे तो. ऊस आणि कारखाना. दोन खुणा जुळल्या. त्या पोचल्या आहेत, फक्त स्टँडच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असतील.”

(वाचकांनी नकाशा काढण्याची गरज नाही. श्रीगोंद्यालाही ऊस आहे. श्रीगोंद्यालाही कारखाने आहेत. गळिताच्या दिवसांत आमच्या निम्म्या जिल्ह्याचं वर्णन याच दोन शब्दांत करता येतं. मी ते असंख्य वेळा छापलंही आहे.)

मी बबनला कळवलं, मावशी स्टँडवर आहे, घेऊन जा. बबन मोटारसायकल घेऊन गेला. परत फोन. “दाजी, स्टँडवर मावशी न्हाई.”

“नीट बघ. धुराड्याच्या बाजूला.”

“धुराडं हितनं लांब हाय, दाजी.”

“मग उसाच्या ट्रॉल्यांपाशी.”

“आवं, ट्रॉल्या तर सगळीकडंच हायत!”

मी थेट सासूबाईंनाच फोन लावला. “आई, समोर एखादी पाटी आहे का? वाचा बरं.”

“हाय की. मोठी हाय.” मग फोनवर श्वास ऐकू आला आणि एकेक अक्षर येऊ लागलं, “अ... न... न... स.”

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो! एक बाई आयुष्यात पहिल्यांदा, भर रस्त्यात, स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होती. “शाब्बास!” मी ओरडलो. (‘बाळा’ तेवढं गिळलं.) “आई, तुम्ही वाचलंत!”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “पन हे कुठलं गाव म्हनायचं?”

“तिथं कोण आहे? त्यांच्याकडे द्या फोन.”

रसवंतीवाल्या इसमानं फोन घेतला. “बोला.”

“हे कोणतं गाव आहे?”

“श्रीगोंदा. श्रीगोंदा स्टँड.”

“खात्री आहे?”

“काका, मी हितंच ऱ्हातो की!”

“दुसरं कुणी आहे का तिथं? दुजोरा द्यायला?”

पलीकडे तो कुणाला तरी म्हणाला, “ये गण्या, ह्यांना सांग रं कुठलं गाव हाय ते,” आणि गण्यानंही श्रीगोंदाच सांगितलं. बातमी पक्की झाली.

फोन पुन्हा सासूबाईंकडे आला. “आई, गाडीवर देवळालीची पाटी होती ना?”

“पाटी कोन बघतंय, जावईबापू! गाडी वळखीची हुती की. डोळ्याला पट्टी मारल्याली.”

“कोणाच्या डोळ्याला?”

“गाडीच्या. उजव्या. तुमीच तर दावली टीवीवर.”

“आणि कंडक्टरनं काही विचारलं नाही?”

“इचारलं. ‘शेवटच्या ष्टापला ना, आजी?’ म्हनला. म्या व्हय म्हनलं. शेवटालाच तर उतरायचंय.”

“पण रस्ता? रस्ता वेगळा नाही वाटला?”

“मला गाडी लागती. म्या डोळं झाकून, तोंडावर पदर घेऊन बसती. कदीच रस्ता बघितला न्हाई.”

मग त्यांनी विचारलं, “अक्का गेली का वो?”

“तिथंच थांबा. हलू नका. मी येतो,” मी म्हणालो.

“व्हय,” त्या म्हणाल्या.

स्कूटर काढायला खाली धावलो, तर पवारांचा टेम्पो पशुखाद्याची पोती भरून फाटकाशी उभा. मी विचारलं, कुठं चाललात? श्रीगोंद्याला! मी काही न सांगता शेजारी चढून बसलो. केडगाव मागं पडल्यावर कळलं की चष्मा टीव्हीपाशी राहिला आहे. चष्म्याशिवाय मला लांबचं काय नि जवळचं काय, एकही अक्षर लागत नाही. पण रस्ता पवारांना दिसत होता, तेव्हा चिंता नव्हती.

पवार वाटेतल्या गावागावांत पोती उतरवत चालले आणि मी फोन करत : बबनला फोन, त्याच्या भावाला फोन, सासूबाईंना पुन्हा पुन्हा फोन, पण तो कुणी उचलेना. मध्ये सुलभाचा दोनदा येऊन गेला, पण मी दुसऱ्या फोनवर होतो. घटनास्थळाशी संपर्क राखणं महत्त्वाचं असतं.

फोन उरकले तसे मी ते गाड्यांचे फोटो उघडले. आणि चष्म्याविना ते पहिल्यांदा पाहिले.

पाटी दिसेचना! जिथं मला इतके दिवस ठळक अक्षरं दिसत होती, तिथं नुसता पांढुरका पट्टा होता. दिसत काय होतं? देवळालीच्या गाडीचा उजवा दिवा फुटलेला आणि त्यावर पिवळी चिकटपट्टी फुलीसारखी मारलेली. पाथर्डीच्या गाडीपुढं एक लाल कुत्रं आडवं झोपलेलं. पुण्याच्या गाडीच्या आरशाला झेंडूची माळ. श्रीगोंद्याच्या गाडीतून एकजण पेरू खात बाहेर बघतोय. कोणीही शहाणा माणूस या गाड्या याच खुणांनी ओळखेल. मी सासूबाईंना अक्षरं शिकवत नव्हतो, मी त्यांना एक फुटका दिवा, एक कुत्रं, एक माळ आणि एक पेरू शिकवत होतो. आणि त्या पैकीच्या पैकी गुण मिळवत होत्या!

एसटीत गाडीला कायमचं गाव नसतं, हे मी स्वतः कितीदा लिहिलं असेल. आज देवळालीला गेलेली गाडी उद्या श्रीगोंद्याला जाते. पाटी तेवढी बदलते.

“काय झालं काका?” पवारांनी विचारलं.

“पवार, मी पाटी झाकून त्यांना विचारायला हवं होतं.”

“कुणाला?”

“सासूबाईंना.”

“काय झाकून?”

मी सांगितलं. पवारांना कौतुक वाटलं. “पण लक्षात ठेवलं बरं का आजींनी! दिवा म्हणजे दिवा!” मग स्टिअरिंग सांभाळत हसू लागले आणि श्रीगोंदा येईपर्यंत थांबले नाहीत.

त्यांनी मला स्टँडवर उतरवलं आणि ते पुढं गेले. मी रसवंतीकडे धावलो. “सासूबाई कुठायत?”

“त्या आजी व्हय? कवाच गेल्या!”

“गेल्या? मी थांबायला सांगितलं होतं!”

“त्यांना लेकीचा फोन आला. मंग हितं बाया हुत्या, त्यांना इचारलं नगरची गाडी कुठली, अन् बसल्या त्यांच्यासंगट.” त्यानं माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. “रस देऊ का?”

पुन्हा फोन वाजला. सुलभा. या वेळी मी उचलला.

“कुठं आहात तुम्ही? फोन का लागत नाही तुमचा?”

“श्रीगोंद्याला. आई इथून निघाल्या...”

“आई घरी आहे! मी रजा टाकून आले. मावशी पुण्याला कुठून जाणार? केडगाववरूनच ना! भाऊसाहेबाला सांगितलं, गाडी आमच्या दारात थांबव. आईला फोन केला, परत ये म्हणून. ती आली बिचारी विचारत विचारत. तुम्हाला सांगायला किती फोन केले!”

देवळालीहून पुण्याला जाणारी गाडी केडगाववरून जाते. आमच्या गॅलरीतून तो रस्ता दिसतो! सासूबाईंना कुठंच जाण्याची गरज नव्हती. सकाळी फोन आला तेव्हा हे मला सुचायला हवं होतं. पण तेव्हा मी परीक्षा घेत होतो.

“भेट झाली का?” मी विचारलं.

“दोघी पलंगावर बसल्यात. मावशीची कंबर शेकतेय आई. भाऊसाहेब म्हणतोय निघू या, तर दोघी त्याचं ऐकत नाहीत.” सुलभाचा आवाज जरा मऊ झाला. “थांबा, आईला बोलायचंय.”

“जावईबापू, तुमी कुठं हाय?”

“श्रीगोंद्याला, आई.”

“आगं बया! तिकडं कशापायी गेला?”

हा प्रश्न निरागसपणे विचारला होता की नाही, याबद्दल अधिकृत माहिती मिळू शकली नाही. मागून अक्कांचं कंबर धरून हसणं ऐकू येत होतं. “लई शिकवलं गं तुला जावयानं!”

“आई,” मी म्हणालो, “वाचायचं आपण पुन्हा नीट करू. पाट्यांपासून.”

“जावईबापू, येक सांगू का? रागाला जाऊ नगा.” त्या थांबल्या. मागून अक्का म्हणाल्या, “सांग की, खाती का काय तो!” आणि मग त्या म्हणाल्या, “मला वाचाय कुठं शिकायचं हुतं? मला अक्काकडं जायचं हुतं.”

फोन ठेवल्यावर मी रस घेतला. अननसाचाच होता.

आता परतायचं होतं. स्टँडवर गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी डोळे बारीक करून एकेका गाडीच्या तोंडाशी जाऊन आलो. शेवटी बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या एका तरुण बाईला विचारलं, “ताई, नगरची गाडी कोणती?”

“ही काय, म्होरंच उभी हाय की काका. पाटी न्हाई का वाचता येत?”

प्रश्न नेमका होता. मी नेमकं उत्तर दिलं, “नाही.”

तिचा चेहराच बदलला. “आवं, लाजायचं काय त्यात! आमच्या गावात मोठ्या मानसांचा वर्ग हाय, मी शिकवती तिथं. चला, मीबी नगरलाच चाललेय. कुठं उतरायचं ते मी सांगते तुमाला.” तिनं मला हाताला धरून गाडीत चढवलं, खिडकीची जागा दिली, आणि गाडी सुटल्यावर, पिशवी मांडीवर घेत, अगदी आपुलकीनं विचारलं, “काका, मला सांगा, तुमाला सगळ्यात आदी काय वाचायला यावं आसं वाटतं? तिथनंच सुरू करायचं आसतं.”

इतक्या दिवसांत हा प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता. “एसटीची पाटी,” मी म्हणालो.

“हुशार हाय तुमी!” ती म्हणाली. “लवकर शिकाल.”

निवृत्त झाल्यापासून मला हुशार म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती होती. त्यामुळे चष्म्याबाबतचा खुलासा मी केला नाही.